पडवीतल्या बाकाला भाडेकरू हवा होता

बसा. बसा म्हणतो ना! मी बाक आहे. माझ्याशी उभ्याने बोलणं बरं दिसत नाही. फक्त त्या टोकाला नको. तिथे एक खिळा वर आलाय आणि त्याने आजवर तीन धोतरं, एक झगा आणि एका बँकेच्या साहेबाची पँट फाडली आहे. मधे बसा. हं, असं.

मी राहतो डोरथीबायच्या पडवीत. गाव मालवण तालुक्यातला, समुद्र चालत दहा मिनिटांवर. नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की उद्या तुम्ही ‘घर भाड्याने मिळेल का हो’ म्हणत दारात हजर! हल्ली तशी साथच आलीय. शहरातली माणसं गाड्या घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतात. घर स्वस्त हवं, कौलारू हवं, समुद्र जवळ हवा, इंटरनेट हवं आणि साप नकोत. अहो, साप काय आम्ही मुद्दाम पाळलेत?

माझं मूळ फणसाचं. चॅपेलच्या मागे एक जुना फणस वादळात पडला, तेव्हा भिकाजी मेस्त्रींनी त्याचे सहा बाक केले. मी तिसरा. पुरा झालो तसे भिकाजी स्वतः माझ्यावर धपकन बसले, बसल्या बसल्या दोनदा आपटले आणि म्हणाले, “झालो. आता कोण पण बसांदेत.” त्यानंतर तीस वर्षं मी चॅपेलात तिसऱ्या रांगेत काढली. माणसं मला कळली ती खालून, पण चांगली कळली. डोळे मिटलेला प्रत्येक जण प्रार्थना करत नसतो, हे तुम्हाला पाद्री सांगणार नाहीत. मी सांगतो.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. निळ्या, हलक्या, एकीवर एक चढणाऱ्या. आम्हा सहा जणांना सरपणात काढायचं ठरलं. तेव्हा कॉस्मे नावाचे शाळामास्तर उठले आणि मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. बायकोला म्हणाले, “ह्याच बाकार बसून मी तुका पयल्यांदा बगलंय गो! ह्याका चुलीत घालू?”

बायको म्हणजे आमची डोरथीबाय. ती म्हणाली, “म्हंजे प्रवचन ऐकूचा सोडून तू हे धंदे करी होतंस?” पण बोलता बोलता तिने मला ओल्या फडक्याने पुसून काढलं. त्या दिवसापासून मी या घरचा झालो.

कॉस्मे मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा केव्हिन म्हापशाला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आमचं घर तसं दोन भागांचं. छप्पर एक, पडवी एक, मधे भिंत. पलीकडचा भाग मास्तरांच्या भावाचा, जेरीचा. तो कायमचा गोव्यात गेला आणि जाताना किल्ली डोरथीबायच्या हातात ठेवून म्हणाला, “बरो माणूस गावलो तर ठेव गो.” बरा माणूस काही मिळाला नाही. पलीकडे अंधार, अलीकडे डोरथीबाय एकटी.

गेल्या पावसाळ्यात ती विहिरीपाशी शेवाळावरून घसरली आणि दोन तास तशीच पडून राहिली. मी इथून बघत होतो. चार पाय असून उपयोग काय, एकही उचलता येत नाही! शेवटी मासेवाली सुगंधा आली आणि तिने उठवलं. पाय मुरगळण्यावर निभावलं, पण केव्हिन घाबरला. वाईट नाही हो तो, आईवर जीव आहे त्याचा. दुसऱ्याच दिवशी येऊन माझ्यावर बसला आणि म्हणाला, “मम्मी, नाताळापर्यंत बाजूच्या घरात कोण रवाक इलो तर बरा. नायतर दोनय दारांक कुलपा घालूया आणि तू चल माझ्यावांगडा म्हापशाक.”

“चवथ्या माळ्यार माका काय काम?” डोरथीबाय फणकारली. “थंय वाऱ्याकसुद्धा लिफ्टीन येवचा लागता.”

पण तिने ‘नाही’ असं म्हटलं नाही. तिलाही ते दोन तास आठवत होते. मला तेव्हाच कळलं, नाताळापर्यंत भाडेकरू मिळाला नाही तर ही बाई जाणार. आणि खरं सांगतो, माझं काय होईल याच्यापेक्षा तिचं काय होईल याची मला जास्त काळजी वाटली. त्या बाईला शेजाऱ्याशी बोलायला दाराची घंटी वाजवावी लागली तर ती महिनाभरात वाळून जाईल.

मग भाडेकरूंची शोधाशोध सुरू झाली. तोंडवलीचा निलेश पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि उरलेल्या वेळात घरं दाखवतो. त्याने एक गृहस्थ आणले. त्यांनी विहिरीत पोहायला जिना करता येईल का विचारलं. मग एक बाई आल्या. त्यांना सगळं फार आवडलं, फक्त गावातल्या कोंबड्या दुसरीकडे हलवता येतील का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डोरथीबायने त्यांना सोलकढी पाजून वाटेला लावलं. नोव्हेंबर संपत आला.

आता मधे एक सांगायला हवं. आमच्या गावात गावपळण असते. दर तीन वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खा गाव घरंदारं बंद करून तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. ओढ्यापलीकडच्या माळावर झावळांच्या राहुट्या बांधतात, तिथेच जेवणं, भजनं, फुगड्या. कशासाठी जातात विचारलंत तर पाच जण सहा कारणं सांगतील. पण जातात सगळे, आमची ख्रिस्ती घरंसुद्धा. डोरथीबाय तर सगळ्यांच्या आधी निघते, कारण माळावर पत्ते रंगतात आणि पत्त्यांत तिला कोणी हरवत नाही. गावात उरतो आम्ही. बाक, दारं, विहिरी आणि रस्ता.

यंदा कौल एक दिवस उशिरा झाला. निलेश पडला तोंडवलीचा, त्याला काय पत्ता! त्याने आपले जुन्या तारखेवरून तीन दिवस मोजले आणि ठाण्याच्या एका जोडप्याला सांगून टाकलं, “शुक्रवारी जावा. माका होडी आसा, मी येवचंय नाय. डोरथीबाय आसतलीच, आणि नसली तर किल्ली चौकटीर आसा.” शुक्रवारी सकाळी गाडी आली, तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं.

गाडीतून उतरले ते अजय आणि तन्वी. तिशी ओलांडलेले, थकलेले. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की या जिल्ह्यातलं हे त्यांचं बारावं घर. वैभववाडीचं घर छान होतं, पण समुद्र तासाभरापेक्षा लांब. बांद्याचं परवडणारं होतं, पण हायवेवरचा प्रत्येक ट्रक उशाखालून गेल्याचा भास व्हायचा. एका घरातून समुद्र दिसत होता, पण फक्त न्हाणीघराच्या खिडकीतून आणि तोही स्टुलावर चढून.

“तन्वी,” अजय एकदम थबकला. “ऐक.”

“काय?”

“काहीच नाही! काहीच ऐकू येत नाहीये!”

या अजयचा धंदा असा, की तो पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतो आणि लोक ती कानात घालून ऐकतात. ठाण्यात त्याच्या खिडकीखाली वर्षभर रस्ता खणत होते. एका प्रेमप्रसंगात तीन वेळा ड्रिल मशीन आलं म्हणे. त्याने खिशातून छोटं यंत्र काढलं, मिनिटभर आमच्या पडवीतली शांतता रेकॉर्ड केली, कानाला लावून ऐकली आणि डोळे पुसले. शांतता ऐकून रडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

“गावातली माणसं किती शिस्तीची असतील,” तन्वी म्हणाली. “कुत्रंसुद्धा भुंकत नाही.”

भुंकेल कसं? सगळी कुत्री माळावर मटणाच्या वासाला बसली होती. माझं कोणी ऐकलं असतं तरी मी ब्र काढला नसता, हे कबूल करतो. तीस वर्षं चॅपेलात काढलेल्या बाकाने असं वागू नये. पण नाताळ चार आठवड्यांवर आला होता. दोघं माझ्यावर बसली, घट्ट हात धरून. “हेच,” अजय म्हणाला, आणि मी गप्प राहिलो.

पुढच्या रविवारी ती दोघं टेम्पोभर सामान घेऊन आली. तोवर गाव परतला होता.

काय सांगू तुम्हाला! सकाळी सहाला सुगंधाचा भोंगा. “गोऽ डोरथीबाय, बांगडे आसत, ताजे फडफडीत!” डोरथीबाय स्वयंपाकघरातूनच भाव करणार, तेही सुगंधा रस्त्यावर असताना. सातला देवळातली भजनं. आठला शेजारच्या आवाठातले, म्हणजे वाडीतले, दाजी जगातल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करणार. दाजींचा फोनवर विश्वास नाही. आवाज बांद्यापर्यंत स्वतःच्याच जोरावर पोचवायचा अशा बेताने ते बोलतात. मधेमधे येणारेजाणारे पडवीत डोकावणार. “तुमी ठाण्याचे मा? काय शिजवलास आज?” अजय आतल्या खोलीत हळव्या आवाजात वाचत असायचा, ‘आणि ती क्षणभर स्तब्ध झाली’, की बाहेर कोंबडा!

डोरथीबायला वाईट वाटलं. तिने दाजींच्या कानावर घातलं. दाजी गावाचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. “इतक्याच मा?” दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दहा-बारा माणसं गोळा करून, नारळ घेऊन अंगणात उभे राहिले. अजयचं आत रेकॉर्डिंग चालू.

“बा देवा म्हाराजाऽ!” दाजींनी सूर लावला. “आज ह्यो ठाण्याचो लेकरू तुझ्या गावात रवाक इलो आसा! तेच्या पोटापाण्याच्या कामाक शांतता होयी, ती तेका मेळांदे म्हाराजा!”

“होय म्हाराजाऽ!” बारा गळ्यांतून आवाज उठला. माझ्या फळ्या थरथरल्या.

“कोंबो आरावता तेका समज दी! कुत्रो भुकता तेका समज दी! आणि जो कोण विनाकारण बोंबलता, तेच्या तोंडाक आवर घाल म्हाराजा!”

“होय म्हाराजाऽ!” यात डोरथीबायही सामील होती, छातीवर क्रूस काढून. अजय बाहेर आला, हात जोडले, प्रसादाचं खोबरं खाल्लं. रागवायचं कोणावर? आत जाऊन त्याने ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

असे दिवस जात होते, आणि अजयचं पुस्तक पुढे सरकत नव्हतं. तेवढ्यात दुपार व्हायची. डोरथीबाय भिंतीवर दोनदा थापटायची, म्हणजे जेवायला या. ‘तुमी दोघा आणि मी एकटी, दोन चुली कशाक?’ हा तिचा हिशोब. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याची कढी, तळलेलं काहीतरी. अजय भरपेट जेवायचा, तन्वीला ‘पाचच मिनिटं पडतो’ म्हणायचा आणि माझ्यावर आडवा व्हायचा. ती पाच मिनिटं चारला संपायची, रस्त्यापलीकडची पिठाची गिरण सुरू झाली की. मग तो दचकून उठायचा आणि म्हणायचा, “बघ, पुन्हा आवाज!”

अरे बाबा, मला किती सांगावंसं वाटत होतं! पण बाकाचं कोण ऐकतं?

वीस डिसेंबरच्या संध्याकाळी ती दोघं माझ्यावर बसली होती. अजय हळू आवाजात म्हणाला, “तन्वी, आपण चुकलो. हे काम हातातून गेलं तर पुढचं मिळणार नाही. माणसं सोन्यासारखी आहेत, पण मला इथे वाचता येत नाही.” तन्वीला या गावात पहिल्यांदाच रात्री गोळी न घेता झोप लागत होती, हे मला ठाऊक होतं.

मधे भिंत, पण पडवी एकच. डोरथीबायने सगळं ऐकलं. तिने कोणाला काही विचारलं नाही, थांबवलं नाही. आत जाऊन फडताळावरची बॅग खाली काढली आणि केव्हिनला फोन केला. “ये रे, माका घेवन जा.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, केव्हिन गाडी घेऊन आला. दाजी निरोप द्यायला आले. केव्हिन जरा तापलेलाच होता. “तुम्हाला इथे त्रास काय झाला ते तरी सांगा,” तो अजयला म्हणाला. “माझ्या आईने काय कमी केलं?”

“आंटींबद्दल तक्रारच नाही हो!” अजय कासावीस झाला. “पण तुम्हीच ऐका. माझं काम का होत नाही ते प्रकाशकांना पटावं म्हणून परवा मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्र इथे खिडकीत चालू ठेवलं होतं.”

त्याने लॅपटॉप माझ्यावर ठेवला. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसत होत्या, मोठा आवाज म्हणजे उंच रेघ. सुगंधाच्या भोंग्याची उंच. दाजींच्या फोनची त्याहून उंच. “ह्यो मी?” दाजी खूश झाले. अजय भराभर पुढे सरकवत गेला, आणि तन्वीने एकदम पडद्यावर बोट ठेवलं.

“थांब. इथे रेघ सपाट कशी?”

अजयने ते ऐकवलं. वेळ दुपारचा दीड. काही नाही. पान हललेलं नाही. दोन वाजता, काही नाही. कोंबडा गप्प, कुत्रा गप्प, दाजी गप्प. आणि मग सपाट रेघेवर मधूनमधून एकेक टेकाड. घुर्रर्र… फूऽ. घुर्रर्र… फूऽ.

“रानडुक्कर!” दाजी उभेच राहिले. “पडवीत चढलो मरे!”

“पंप असेल,” केव्हिन म्हणाला.

तन्वीला हसू आवरेना. ती माझ्या पाठीला धरून हसत होती. “अजय, हा आवाज मी सात वर्षं ऐकतेय!”

अजयचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “म्हणजे… दीड ते चार इथे रोज…?”

“रोज!” दाजी म्हणाले. “दीड ते चार आमचो गाव निजता. देवळाचो देवसुद्धा निजता. तुका कोणी सांगूक नाय?”

सांगणार कोण? सगळेच झोपलेले. अख्ख्या गावात तेवढ्या वेळात एकच आवाज होता, आणि तो शांतता शोधत आलेल्या माणसाचा!

सगळे हसले. डोरथीबाय तेवढी हसली नाही. बॅगेवर हात ठेवून ती दारात उभी होती. “हसताव कित्याक?” ती म्हणाली. “माका म्हायत होता. माझी खाट पडवीच्या खिडकीक लागून आसा. रोज ऐकतंय मी.”

“मग सांगितलं का नाही आंटी?” अजयने विचारलं.

डोरथीबायने बॅगेवरचा हात काही काढला नाही. “तुमका शांतता होयी होती रे. माका कंटाळो इलेलो शांततेचो! कॉस्मे गेलो तेच्यानंतर दोन वर्सां ह्या घरात माका कोणाचो श्वास ऐकाक येय नाय होतो. तू घोराक लागलंस काय माका बरा वाटता. मगे माका झोप लागता. तुका सांगलंय आसतंय तर तू जागो रवलो आसतंस.”

केव्हिन पायांकडे बघत राहिला. मग त्याने आईच्या हाताखालची बॅग उचलली. पण तो गाडीकडे गेला नाही. तो आत गेला आणि बॅग परत फडताळावर चढवून आला. “जेवूक काय आसा?” त्याने विचारलं. अजय आणि तन्वीने एकमेकांकडे बघितलं आणि कोणी न सांगता दोघं पानं मांडायला उठली.

या गोष्टीला आता चार महिने झाले. अजय दुपारी अर्धंच जेवतो, वर काळी कॉफी पितो आणि दीड ते चार वाचतो. एक कादंबरी संपली, दुसरी चालू आहे. खोलीत आवाज घुमू नये म्हणून त्याने तीन भिंतींना गाद्या टांगल्यात. चौथी भिंत डोरथीबायच्या बाजूची. तिला त्याने काही टांगलेलं नाही. त्याचं वाचन तिला पलीकडे स्पष्ट ऐकू येतं. तिसऱ्या पानाच्या पुढे काय झालं ते तिला एकाही पुस्तकाचं सांगता येत नाही, आणि याचं अजयला जरा वाईट वाटतं.

माझं म्हणाल तर माझी एक फळी सुटलीय आणि पावसाळ्याआधी तेलाचा हात मारायला हवा. घर शोधत आला असाल तर वर दाजींच्या आवाठात दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणे, जाऊन विचारा. पण गाव भरलेला असताना बघा, आणि चार माणसांत बसून बघा. आणि एक विनंती. दीड वाजत आला. जाताना गाडी जरा पुढपर्यंत ढकलत न्या आणि मग चालू करा. आमच्या बाईला झोप लागण्याची वेळ आहे.